दुसऱ्या रांजणातलं पीठ

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती जिथं घडली त्या गावाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. एका परीनं ते बरंच झालं. ऐकता ऐकता तुम्हा लहानमोठ्यांना ते गाव ओळखीचं वाटू लागलं, तर दोष माझ्या माथी मारू नका म्हणजे झालं.

डोंगराच्या उतारावर वसलेलं गाव होतं ते. वरच्या आळीत विहीर होती आणि विहिरीच्या पाण्यावर गव्हाची शेतं होती. खालच्या आळीत दगड फार आणि माती थोडी, म्हणून तिथं नाचणी पिकायची आणि घायपात वाढायचं. खालच्या आळीची माणसं घायपात कुजवून त्याचा वाख, म्हणजे धागा, काढत आणि त्याच्या दोऱ्या वळत. गुरांची दावी, पाळण्यांच्या दोऱ्या, विहिरीचा दोर, सगळं त्यांच्या हातचं. विहिरीचं पाणी मात्र वरच्या आळीतल्या कुणीतरी ओढून ओतायचं आणि खालच्या आळीनं आपली घागर खाली धरायची, अशी रीत होती.

दोन्ही आळ्यांच्या मधोमध प्रभू येशूचं देऊळ होतं. दोन्ही आळ्यांच्या आजे-पणज्यांनी एकाच दिवशी, एकाच ओढ्याच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला होता. त्यामुळे आमच्या गावात भेदभाव नाही, असं वरची आळी पाहुण्यांना अभिमानानं सांगायची. खालची आळी काहीच सांगायची नाही, कारण पाहुणे तिथवर पोचतच नसत.

या गावात एक फार सुंदर चाल होती. रोज चूल पेटवण्याआधी प्रत्येक घरची बाई पिठातून एक मूठ काढायची आणि वेगळ्या गाडग्यात टाकायची. ती मूठ प्रभूची. शनिवारी ते गाडगं देवळात रिकामं करायचं आणि त्या पिठाची रविवारी प्रभुभोजनाची भाकर व्हायची. गरीब असो की श्रीमंत, मूठ सगळ्यांची एकच. आता कुणाची मूठ मोठी असते, कुणाची लहान, पण तेवढं प्रभू सांभाळून घेतो.

देवळाच्या मागच्या खोलीत पिठाचे रांजण होते. रांजण दोन होते. इथूनच आपली गोष्ट सुरू होते.

भाकर करायचं काम वरच्या आळीतल्या तबीथाबाईकडं होतं. तिच्या आधी ते तिच्या सासूकडं होतं, तिच्या आधी सासूच्या सासूकडं. तबीथाबाई अंगानं दणकट, जिभेनं फटकळ आणि मनानं लोण्यासारखी. गावात कुणी आजारी पडलं की ही पेजेचं भांडं घेऊन हजर. खालच्या आळीत कुणी बाळंत झाली की हिचं तूप तिच्या दारात. दारात म्हणजे अगदी दारातच. उंबऱ्याच्या आत ती कधी गेली नाही. का गेली नाही, असं विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. सासू गेली नव्हती, म्हणून तीही गेली नव्हती.

सासूनं तिला भाकर शिकवताना एक गोष्ट बजावून सांगितली होती. वरच्या आळीचं पीठ पहिल्या रांजणात, खालच्या आळीचं दुसऱ्या. पहिल्या रांजणातलं मळायचं, दुसऱ्यातलं नाही. नाचणी गव्हात मिसळली की भाकर चिरते आणि चिरलेली भाकर प्रभूच्या ताटात कशी ठेवायची? तबीथाबाईला ते पटलं. यात कुणाचा अपमान नव्हता, नुसती पाककृती होती. आपल्याकडं बरेचसे अपमान असेच पाककृतीसारखे आईकडून मुलीकडं आणि सासूकडून सुनेकडं येतात, हे तिला तेव्हा कुठं ठाऊक होतं?

मग दुसऱ्या रांजणातल्या पिठाचं काय व्हायचं? थोडं शिजवून त्याची खळ करत आणि गीतांच्या पुस्तकांची सुटलेली पानं चिकटवत. त्या देवळातली पुस्तकं फार मजबूत होती. बाकीचं पीठ पाळकबाबांच्या कोंबड्यांना जायचं. पाळकबाबा भले गृहस्थ होते, पण कोंबड्या काय खातात हे त्यांनी कधी विचारलं नाही. अंडी मोठी यायची आणि त्यांचं त्यात भागत होतं.

खालच्या आळीच्या टोकाला राही नावाची म्हातारी राहायची. नवरा गेलेला, दोन्ही लेकी लांब दिलेल्या. दोरी वळता वळता तिच्या तळहातांना इतके घट्टे पडले होते, की तिला विस्तव हातानं उचलता यायचा, असं लोक चेष्टेनं म्हणत. देवळाच्या घंटेची दोरीही तिनंच वळलेली होती. ती तबीथाबाईहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी. तरी तबीथाबाई तिला ‘राहे’ म्हणायची आणि ती तबीथाबाईला ‘बाई’ म्हणायची. दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

राहीनं आयुष्यात एकही मूठ चुकवली नव्हती. शनिवारी तिचं गाडगं सगळ्यांत आधी देवळात पोचायचं. ती उंबऱ्याशी उभी राहायची, तबीथाबाई तिच्या हातून गाडगं घ्यायची, आत जायची आणि रिकामं करून परत आणून द्यायची. रविवारी राही मागच्या रांगेत, दाराशी बसायची. पाळकबाबा भाकर मोडायचे, ताट पुढून मागं फिरत फिरत यायचं आणि पांढरा, मऊ तुकडा तिच्या हातावर पडायचा. तो खाताना ती डोळे मिटून घ्यायची आणि बराच वेळ उघडायची नाही.

एका वर्षी नाचणी हातची गेली. कणसं आली, पण आत दाणा नाही, नुसती फोलपटं. वरच्या आळीच्या गव्हाला विहिरीनं तारलं. खालच्या आळीत मात्र दोन वेळची चूल एक वेळेवर आली. राहीच्या घरी तर दिवसाला दोन मुठी पीठ उरलं. त्यातली एक ती खायची आणि एक गाडग्यात टाकायची.

तबीथाबाईच्या ते लक्षात आलं. गाडगं घेताना तिला राहीचं काटकुळं मनगट दिसलं. त्या आठवड्यात ती पायलीभर गहू घेऊन राहीच्या दारी गेली. राही अंगणात दोरी वळत बसली होती. पायाच्या अंगठ्यात एक टोक अडकवलेलं, हात भराभर चाललेले. तिनं गहू घ्यायला नकार दिला. तुमच्या शेतात सरवा वेचायला येईन, म्हणाली. कापणीनंतर शेतात सांडलेल्या ओंब्या वेचायचा गरिबाचा हक्क त्या गावात होता आणि राहीला दानापेक्षा तो हक्क बरा वाटायचा.

तेव्हा तबीथाबाईनं दुसरी गोष्ट काढली. तिनं राहीला समजावलं, की या वर्षी मूठ नाही टाकलीस तरी चालेल. प्रभू काही रागावणार नाही, गावात कुणी नाव ठेवणार नाही.

राहीचे हात थांबले.

“बाई, प्वाट काय, कशानंबी भरतं,” ती म्हणाली. “पर मूठ बंद क्येली तर प्रभूच्या ताटात माजं काय ऱ्हाईल? अवो, साऱ्या गावाच्या पिठात माजं पीठ मिसळतं. आयतवारी त्येच घास हून माज्याकडं परत येतंया. तुमच्या तोंडातबी म्या आसते आन् माज्या तोंडात तुमी. आन् एक सांगू का? माजी नाचणी ही आशी काळी. तुमची भाकर कशी पांढरीफेक! काळं जातंया आन् पांढरं हून येतंया. लोक म्हनत्यात आता चमत्कार हुईत न्हाईत. म्या तर दर आयतवारी बगतीया.”

एवढं बोलून ती लाजून हसली आणि पुन्हा दोरी वळायला लागली.

तबीथाबाई घरी कशी आली तिचं तिला कळलं नाही. पायलीभर गहू तिनं तसाच परत आणला होता आणि तो आता मणभर जड झाला होता. वाटेत देवळाचं अंगण लागलं. पाळकबाबांच्या कोंबड्या तिला पाहून धावत आल्या, कारण त्यांना तिच्या हाताची ओळख होती. गुबगुबीत, चकाकत्या पिसांच्या कोंबड्या. तबीथाबाई त्यांच्याकडं पाहत उभी राहिली आणि तिला रडू फुटलं. खरंच सांगतो, एवढी फटकळ बाई, पण कोंबड्यांच्या घोळक्यात उभी राहून लहान मुलासारखी रडली.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड? पुढच्या शनिवारी दोन्ही रांजण एकत्र करायचे, झालं. तबीथाबाईच्याही मनात आधी तेच आलं. पण लगेच तिला पुढचं दिसलं. दोन्ही पिठं एकत्र केली तर भाकर काळपट होणार. राही ती पाहणार. आणि मग राही विचारणार, आजच काळी का? म्हणजे चूक सुधारायची तर ती आधी चव्हाट्यावर मांडायला हवी. सुधारली नाही तर म्हातारी स्वतःच्या तोंडचा घास काढून कोंबड्यांना घालत राहणार आणि त्याला चमत्कार म्हणत राहणार.

ती पाळकबाबांकडं गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कोंबड्यांकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. मग म्हणाले, मी मंडळीच्या पंचांशी बोलतो. पंचांमध्ये शब्द चालायचा तो शमुवेलदादांचा. दादा म्हणजे वाईट माणूस नव्हे. देवळाचं छप्पर त्यांनी स्वतःच्या लाकडानं उभारलं होतं. त्यांनी तबीथाबाईला बोलावलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं :

“तबीथा, खालच्या आळीला हे ठाऊक आहे का?”

“नाही.”

“मग त्यांना दुःख झालंय का?”

“नाही, दादा.”

“मग आज जे दुःख नाहीच, ते तू उद्या त्यांना देणार. म्हणजे त्यांना दुखवणारं या गावात कोण झालं? तूच ना?”

युक्तिवाद असा गुळगुळीत होता, की हातात धरायला जागाच नव्हती. ती परत आली आणि दोन शनिवार तिनं पूर्वीसारखीच भाकर केली. पांढरी, मऊ, एकही चीर नसलेली. रविवारी राही डोळे मिटून तुकडा खायची, तेव्हा तबीथाबाई दुसरीकडं पाहायची.

तिसऱ्या शनिवारी राही नेहमीपेक्षा लवकर आली. चालताना ती मधेच थांबत होती, एवढी ती खंगली होती. पण चेहरा फुललेला. गाडग्यावर तिनं धुतलेलं फडकं बांधलं होतं. ते सोडून तिनं तबीथाबाईला आत दाखवलं. आत गव्हाचं पीठ होतं. आठ दिवस सरवा वेचून, पाखडून, जात्यावर दळून तिनं ते केलं होतं. सगळंच्या सगळं तिनं गाडग्यात घातलं होतं, घरी एक चिमूटही ठेवली नव्हती.

“ह्या वक्ताला प्रभूला काय करायचंच न्हाई, बाई,” ती म्हणाली. “आधीच पांढरं हाय.”

तबीथाबाई गाडगं घेऊन आत गेली. इतक्या वर्षांची सवय. पाय आपोआप वळले, हात आपोआप उचलला गेला आणि गाडगं उपडं करता करता ती थबकली. हात दुसऱ्या रांजणावर होता.

पीठ गव्हाचं होतं. तिच्याच शेतातल्या गव्हाचं. तरी हात दुसऱ्या रांजणावर होता. म्हणजे नाचणीचा प्रश्न कधी नव्हताच. भाकर चिरण्याचाही नव्हता. पीठ कुठलं हे तिच्या हातानं पाहिलंच नव्हतं, पीठ कुणाचं एवढंच त्याला कळत होतं.

ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. मग उठली, डोळे पुसले, परात घेतली आणि आधी दुसरा रांजण उपसला. त्यावर पहिल्यातलं पीठ घेतलं आणि सगळ्यांवर राहीचा गहू. उंबऱ्याशी उभ्या राहीला आतलं काही दिसत नव्हतं. आज बाईंना गाडगं द्यायला उशीर का लागतोय, एवढंच तिला वाटत होतं.

रविवारी घंटा झाली. दोन्ही आळ्या जमल्या. वरची आळी पुढं, खालची आळी मागं. गीत झालं, प्रार्थना झाली आणि पाळकबाबांनी ताटावरचं पांढरं कापड बाजूला केलं.

भाकर काळपट होती. तांबूस काळपट आणि वरून खालपर्यंत चिरलेली. पुढच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. तबीथाबाईच्या हातून भाकर करपली, असं कुणी म्हणालं. शमुवेलदादांना मात्र कळायचं ते कळलं आणि त्यांचे कान लाल झाले.

मागच्या रांगेत राही उठून उभी राहिली. मान उंच करून तिनं भाकरीकडं बराच वेळ पाहिलं. त्या देवळात उपासना चालू असताना ती आजवर कधी बोलली नव्हती.

“बाबा,” ती म्हणाली, “आज चमत्कार झाला न्हाई वाटतं.”

तबीथाबाई उठली. पुढच्या रांगेतून चालत ती मागं आली, राहीच्या समोर उभी राहिली. सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असं तिनं सांगून टाकलं. दोन रांजण, सासूची शिकवण, पहिल्यातली भाकर, सगळं. आपल्या सासूवर तिनं काही ढकललं नाही. सासू वारली त्यालाही बारा वर्षं झाली होती आणि त्या बारा वर्षांतला प्रत्येक शनिवार तिचा स्वतःचा होता.

राहीनं शांतपणे ऐकलं. मग एकच विचारलं.

“मंग माजी मूठ कुठं जात व्हती?”

तबीथाबाईला आता मागं फिरायचं नव्हतं.

“कोंबड्यांना,” ती म्हणाली.

बाहेर त्याच कोंबड्या माती उकरत होत्या, ते आत ऐकू येत होतं. राहीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती दाराबाहेर गेली. तिच्या मागोमाग खालची आळी उठली. बाप्ये, बायका, कडेवरची पोरं, सगळी. त्यांच्यातला एक म्हातारा दोरवाला शमुवेलदादांकडं पाहून जाता जाता म्हणाला, “आमाला ठाव व्हतं, दादा. लई वरसं ठाव व्हतं. एकल्या राहीला ठाव नव्हतं. तिचा चमत्कार मोडू नये म्हनून आमी गप व्हतो.”

पाळकबाबांनी भाकर हातात घेतली होती. ती मोडायची तर कुणासाठी? अर्धं देऊळ रिकामं होतं. त्यांना मोडवेना. एकच शरीर म्हणून ज्याची आठवण करायची, त्याचा अर्धा भाग दाराबाहेर निघून गेला होता. त्यांनी ताट उचललं आणि तेही बाहेर निघाले. त्यांच्या मागून तबीथाबाई. मग वरच्या आळीतलं एकेक माणूस, काही मनापासून, काही शेजारी उठला म्हणून. शमुवेलदादा तेवढे बसून राहिले.

खालची आळी देवळाबाहेरच्या उंबराच्या झाडाखाली थांबली होती. राही मुळावर बसली होती. तबीथाबाई तिच्यासमोर मातीत बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं तिला वयाला शोभेल अशी हाक मारली.

“मावशी, मला क्षमा करा.”

आता एखादा गोडबोल्या सांगणारा असता, तर त्यानं इथंच दोघींना गळ्यात गळे घालून रडवलं असतं. पण तसं झालं नाही. राही रागावली होती आणि तिला रागावण्याचा हक्क होता.

“क्षमा हाय,” ती म्हणाली. “प्रभूनं क्षमा कर म्हनून सांगितलंया, तवा मला न्हाई म्हनता येत न्हाई. पर राग जायाला येळ लागंल. माज्या पोटाची भूक व्हती ती, तबीथा. ती कोंबड्यांनी खाल्ली.”

पाळकबाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ताट तसंच हातात होतं. राहीची नजर भाकरीवर गेली. ती जवळ सरकली, एका चिरेत बोट घालून पाहिलं आणि तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“गार पान्यात मळलीस व्हय?”

तबीथाबाईनं होकाराची मान हलवली.

“नाचणीला उकळतं पानी लागतं, बाय. आधी उकड काडायची, मंग मळायची. आमी रोज करतोय. आमची कवा चिरली?” मग ती थांबली आणि हळूच म्हणाली, “इतकी वरसं चिरती चिरती म्हनत व्हतासा. खाली येऊन एकदा इचारायचं तरी.”

आणि तिला हसू आलं. मनात नसतानाही आलं. तिच्या शेजारच्या बायकांनाही आलं. नाचणीची भाकर गार पाण्यात मळणारी बाई त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. तबीथाबाई रडत होती आणि रडता रडता तीही हसली, कारण पिढ्यान्‌पिढ्या जिच्यासाठी दोन रांजण ठेवले, ती अडचण घोटभर गरम पाण्याची होती.

प्रभुभोजन त्या दिवशी उंबराखाली झालं. पुढची रांग आणि मागची रांग तिथं नव्हती, झाडाला बुंधा एकच असतो. चिरलेली भाकर मोडायला सोपी गेली. राहीनं आपला तुकडा घेतला, पण या वेळी डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी सगळ्यांकडं पाहत पाहत तिनं तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी तबीथाबाई राहीच्या दारी गेली आणि पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत गेली. राहीनं तिला उकड शिकवली. हात भाजला तेव्हा फुंकर घातली आणि वेंधळी म्हणून टोमणाही मारला. मग आपल्या ताटलीत तिला भाकर वाढली. तबीथाबाई तिथंच चुलीपुढं बसून जेवली. सरपणाच्या धुरानं डोळ्यांत पाणी येतंय, असं ती म्हणाली आणि राहीनं ते खरं मानलं. जाताना तिनं मागं परत नेलेला तो पायलीभर गहू पुन्हा पुढं केला. ज्या घरी आपण जेवतो तिथं रिकाम्या हातानं येत नाहीत, म्हणाली. या वेळी राहीनं तो घेतला.

दुसऱ्या रांजणाचं काय करायचं, यावर गावात चर्चा झाली. तरण्यांना तो फोडायचा होता. राही म्हणाली, रांजणाचा काय गुन्हा? देवळाच्या दारात ठेवा, पाणी भरा. येणारा कुठल्याही आळीचा असो, त्यातलंच पाणी आणि एकच पेला. पण पाणी भरायचं तर विहिरीवर जायला हवं आणि विहिरीची ती जुनी रीत आडवी आली. तेव्हा पाळकबाबा स्वतः राहीला घेऊन विहिरीवर गेले. तिनंच वळलेला दोर तिच्या हातात दिला. तिनं पोहरा सोडला आणि ओढला. त्या दिवसापासून खालच्या आळीनं आपलं पाणी आपण ओढलं.

शमुवेलदादा चार रविवार देवळात आले नाहीत. पाचव्या रविवारी आले, दारात थांबले. उन्हातून चालत आल्यानं घसा कोरडा पडला होता. रांजणाशी राहीच उभी होती. तिनं पेला भरून पुढं केला. दादांनी पेल्याकडं पाहिलं, तिच्या घट्टे पडलेल्या हाताकडं पाहिलं. त्यांच्या पाठीमागं सगळी मंडळी उभी होती. मग त्यांनी पेला घेतला आणि तळापर्यंत रिकामा केला. आत जाताना ते पुढच्या रांगेपर्यंत गेले नाहीत. मधेच, जागा मिळेल तिथं बसले.

त्या दिवसापासून त्या गावातली प्रभूची भाकर काळपट झाली आणि काळपटच राहिली. मात्र पुन्हा कधी चिरली नाही. टंचाई असेल तेव्हा आधी भुकेल्या घरांना पुरेल एवढं पीठ रांजणातून जायचं आणि उरलेल्याची भाकर व्हायची. पाळकबाबांच्या कोंबड्या किडे खाऊन जगायला शिकल्या आणि अंडी लहान झाली. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही.

लांबचे पाहुणे विचारायचे, की तुमची भाकर अशी काळी का? तेव्हा तबीथाबाई पुढं होऊन सगळी गोष्ट सांगायची आणि त्यात स्वतःला कुठंही सोडायची नाही. राही जवळच बसलेली असायची. गोष्ट संपली की ती एवढंच म्हणायची, “पांढरी व्हती तवा म्या तिला चमत्कार म्हनायची. खरा चमत्कार ती काळी झाली तवा झाला.”

बोध : ज्याची मूठ आपण आपल्या पिठातून वेगळी काढतो, त्याच्याबरोबर प्रभूही आपल्या पंगतीतून उठून जातो.